वजा वीस

ताळगावच्या पठारावर, काजींच्या मागे
आमची एक खोली आहे. तिथे बारा महिने वजा वीस.
किल्ली माझ्याकडे.
मी चोडणचा. थंडी म्हणजे
डिसेंबरात पहिल्या फेरीबोटीवर
कानाला गुंडाळायचा मफलर, एवढीच ठाऊक.
आता मे महिन्यात पिसांचं जाकीट चढवतो,
बाहेर येतो
तेव्हा चष्म्यावर सगळा गोवा साचतो.

आत नळ्यांमध्ये लाहौलचा बर्फ आहे.
कुंकळयेकर बाईंनी आणि पोरांनी भोकं पाडून काढलेला,
शेवटची उतरण ताशी नावाच्या माणसाच्या पाठीवरून.
प्रत्येक नळीवर शर्वाणीच्या अक्षरात बाण:
वर कुठे, खाली कुठे.
‘उलटी ठेवलीस तर
आजोबा नातवाच्या पोटी येईल रे, सगुण,’
बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

शर्वाणी धूळ मोजते.
दिव्यावर काप धरून दाखवते: ही करडी रेघ,
त्या वर्षी वारा वाळवंटाकडून आला.
मला नुसती रेघ दिसते,
आमच्या परसातल्या भिंतीवर असते तशी,
बांध फुटला त्या साली पाणी कुठवर चढलं त्याची.

एकदा डबा खाताना ती म्हणाली,
तेव्हा एवढं पाणी बर्फात अडकलं होतं
की दोनापावलाहून दर्या दिसलाच नसता.
पश्चिमेला दोन-तीन दिवस चालायचं,
मांडवी सोबतीला,
मग कुठे मीठ लागलं असतं जिभेला.

हे मी घरी बाबलला सांगितलं.
भाऊ माझा मानशीवर असतो,
भरती-ओहोटी बघून खाजनाची दारं सांभाळतो.
जाळं झाडता झाडता त्याने विचारलं,
‘मग ते पाणी आता खंय आसा?’
मी काही बोललो नाही.
तोही नाही.
चिऱ्यावरच्या आपल्या खुणेकडे बघत राहिला,
बापाची खूण तिच्या वीतभर खाली.

गेल्या मे महिन्यात वीज गेली. जनरेटर दोनदा खोकला
आणि गप्प.
वजा अठरा. वजा पंधरा.
बाई काट्याकडे बघत होत्या,
आयसीयूबाहेर बसलेली माणसं बघतात तसं.
मीच म्हटलं: मालीमला आवेलीन पात्रांव.
रात्री दीड वाजता जीप, चादरी, थर्माकोल,
आणि आवेलीन चड्डीवर दारात उभा:
‘बर्फ? हांगा बर्फच आसा मरे!’
मग नळ्या बघितल्या, आवाज उतरला,
विचारलं, किती जुना?
शर्वाणीने सांगितलं.
त्याने डोक्यावरची नसलेली टोपी काढल्यासारखं केलं.

माणक्यांच्या खोक्यांमध्ये झोपवला आम्ही लाहौल.
सकाळी कामगारांनी
एका नळीवर निर्यातीचा शिक्काही मारून टाकला.
तो अजून आहे. बाई पुसू देत नाहीत.

एक नळी मात्र जीपमध्येच गेली.
माझ्या मांडीवर होती.
पणजीच्या पुलावर गाडी आदळली, टोपण उडालं,
आणि मला ऐकू आलं—
तडतड, अगदी बारीक,
कढईत मोहरी पडावी तसं, पण थंड.
बुडबुडे फुटत होते.
कोणीच न हुंगलेली हवा
माझ्या नाकाखालून, मासळीच्या वासात,
मालीमच्या दिव्यांकडे निघून गेली.
मी श्वास रोखून धरला.
का, ते मला अजून सांगता येत नाही.
घ्यायला हवा होता.

पाणी बाईंनी लोणच्याच्या बरणीत भरून ठेवलंय.
त्यातून आता काही कळत नाही, म्हणतात;
विरघळलं की वय जातं.
बरणी टेबलावर आहे, तिच्यावर बाण नाही,
वर कुठे, खाली कुठे
कोणी लिहिलेलं नाही.

रविवारी बाबल येतो तेव्हा
चहा घेऊन तिच्यासमोर बसतो.
मानशीवर बसतो तसा,
पाण्याकडे डोळे लावून,
दार कधी लावायचं याचा अंदाज घेत.